शेठची तिजोरी

सिद्राम हत्तुरेंच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला शेठची तिजोरी दाखवायची, असा त्या घरचा रिवाजच पडला होता.

शेठ म्हणजे त्यांचा कुत्रा. पग जातीचा, बुटका, जाडा, गव्हाळ रंगाचा, आणि नाक असं चपटं, की देवानं घडवता घडवता अंगठ्यानं दाबून ठेवल्यासारखं वाटावं. दुपारी जेवण झालं की तो बैठकीतल्या चादरीवर आडवा व्हायचा आणि लाल रबरी चेंडू दातांत धरून तसाच झोपायचा. मग सुरू व्हायचं घोरणं. आणि काय ते घोरणं! शेजारच्या मास्तरांनी एकदा खिडकीतून विचारलं होतं, "काय हो हत्तुरे, घरात पिठाची गिरण घातली की काय?"

घोरणं रंगात आलं की सिद्रामअप्पा ओठांवर बोट ठेवून पाहुण्यांना गप्प करायचे, चवड्यांवर चालत जायचे आणि चेंडू हळूच काढून घ्यायचे. घोरणं थांबायचं. क्षणभर काहीच नाही. मग शेठ घशातून फाटका आवाज काढत धडपडून उठायचा, बटबटीत डोळे फिरवत चेंडू शोधायचा आणि झडप घालून पुन्हा तोंडात धरायचा. "बघा की ओ! झोपेतसुद्धा तिजोरी सोडत नाही. अस्सल शेठ!" असं अप्पा म्हणाले की पाहुणे पोट धरून हसायचे. कुत्र्याचं नावच त्यावरून पडलेलं. लोकांनी चित्रफिती काढल्या, त्या गावोगाव फिरल्या. हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं तर दुकानात आल्या आल्या चादरींच्या आधी शेठची चौकशी केली होती.

आता सिद्रामअप्पा दुष्ट माणूस होते म्हणावं, तर तसं अजिबात नाही. चाटी गल्लीत चादरींचं दुकान, कपाळाला भस्म, कुणाचं वाईट चिंतायचं नाही. घरात मुलगा नव्हता, शांभवी एकटीच. म्हणून शेठला ते सरळ "आमचे चिरंजीव" म्हणायचे. सोलापूरचा उन्हाळा तर अलीकडच्या सालांत माणसाला भाजून काढायला लागला होता. कापडगिरण्यांचा भोंगा बंद होऊन जमाना झाला, आता दुपारी उन्हाचा भोंगा व्हायचा आणि तो झाला की बाजार शटर ओढून घरी जायचा. घरी आल्यावर अप्पा स्वतः पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि गार खोली शेठला द्यायचे. शेठ जेवल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. त्या घरात जीव लावायला कुणी कमी पडलं, असं कुणाला म्हणता आलं नसतं.

शांभवीच्या साखरपुड्याला लातूरची मंडळी आली, तेव्हाही तिजोरी झाली. होणारे व्याही शांतवीरअण्णा कोरे अंगापिंडानं दांडगे, मनानं मोकळे. शेठ धडपडून उठला तसे ते हसून हसून लोडावर कलंडले. डोळे पुसत म्हणाले, "सावकार, आम्हाला भांडी नको, फ्रीज नको. रुखवतात याचं एक पिल्लू मांडा! असंच चपटं पाहिजे बरं का. घोरलं पाहिजे."

"दिलं!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "चार पंचांसमोर सांगतो, सिद्राम हत्तुरेचा शब्द."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शांभवी तेवढी खाली बघत राहिली. पाहुणे गेल्यावर ताटं उचलता उचलता म्हणाली, "अप्पा, त्याची पैदास करू नका. तो घोरत नाही ओ, त्याला श्वास पुरत नाही."

"तुला काय कळतंय? पिल्लू असल्यापासून घोरतोय तो."

"पिल्लू असल्यापासून पुरत नसेल. डॉक्टरीणबाईंनी मागच्या साली सांगितलं होतं की, नाकाचं आणि टाळूचं ऑपरेशन करून घ्या."

"आणि थोबाड बिघडलं म्हणजे? नाक कापलेला कुत्रा कोण बघायला येणार गं?" असं म्हणून अप्पा हसले. त्यांची बायको महानंदाबाईही हसल्या, आणि विषय तिथंच मिटला.

शब्द तर दिला होता, पण मध्ये कायदा होता. दोन वर्षांपूर्वी सरकारनं नियम केला होता की चपट्या नाकाच्या जनावराची जोड लावायची असेल, तर मालकानं आधी समश्वास चाचणी द्यायची. चाचणी जनावराची नाही, मालकाची! लोकांनी बरीच टिंगल केली. अप्पाही म्हणायचे, "उद्या गाभण म्हशीच्या मालकाला कळा द्या म्हणावं." पण परवाना नसेल तर पिल्लाची नोंद होत नव्हती, आणि नोंद नसलेलं पिल्लू चोरट्या मालासारखं व्याह्याच्या दारात नेणं त्यांना पटेना. आठवडाभर शेठच्या गळ्यात आणि छातीला सरकारी पट्टे बांधले, त्याच्या चालण्या-झोपण्याची नोंद झाली, आणि एका सकाळी दोघं बिनचालकाच्या रिक्षात बसून पशुवैद्यकीय केंद्रावर पोचले.

शांभवी म्हणत होती त्या डॉक्टरीणबाई म्हणजे तिथल्याच नफीसा बागवान. वय पस्तिशीचं, बोलणं शांत. त्यांनी शेठला उचलून टेबलावर घेतलं तर स्वारी लगेच त्यांचा कान चाटायला लागली.

"बसा अप्पा. आधी यंत्र समजून घ्या, मग सही करा," त्या म्हणाल्या. "माणसानं दीडदोनशे वर्षं निवडून निवडून या कुत्र्याची कवटी आखूड केली. पण आतलं सामान काही आखूड झालं नाही. जीभ तेवढीच, टाळू तेवढाच. दोन खोल्यांचा संसार एका खोलीत कोंबला की दार उघडायलाही जागा राहत नाही, तसं याच्या घशात झालंय. मऊ टाळू मागं लोंबतो आणि श्वासाच्या वाटेवर पडतो. नाकपुड्या तर बघा, नुसत्या चिरा आहेत. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून, तोंडातली हवा खेळवूनच तो अंग गार करतो. हवाच खेळली नाही तर उन्हात तो आतून शिजायला लागतो."

"आमच्याकडं गार खोली आहे की त्याला," अप्पा म्हणाले.

"चांगलंच आहे." डॉक्टरांनी मुखवटा हातात घेतला. काचेसारखा पातळ, आत बारीक झडपा. "पट्ट्यांनी याच्या प्रत्येक श्वासाला किती जोर लागला ते मोजलंय. तेवढाच अडथळा या झडपा तुमच्या श्वासाला करतील, तुमच्या फुफ्फुसांच्या मापानं. कमी नाही, जास्त नाही. तुमच्या बोटाला ही चिमटी राहील, रक्तातला प्राणवायू मी बघत राहीन. धोका काही नाही. सहन झालं नाही तर ही लाल फीत ओढा, मुखवटा सुटेल."

"आम्ही तालमीतले, मॅडम. हजार जोर काढलेत कधीकाळी," असं म्हणत अप्पांनी मुखवटा चढवला.

पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. जरा जड, सर्दी झाल्यासारखं. शेठच्या बसल्या वेळचे श्वास होते ते. अप्पांनी डॉक्टरांकडं बघून अंगठा दाखवला. मग त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. शेठ रोज सकाळी देवळापर्यंत त्यांच्याबरोबर यायचा, ती चाल. वेग कसला, नव्या नवरीनं चालावं इतका. पण जरा वेळानं अप्पांच्या लक्षात आलं की आपण नुसता श्वास घेतोय. दुसरं काही करतच नाही. डॉक्टर काही विचारत होत्या, ते ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला हवा शिल्लक नव्हती. छातीच्या बरगड्या दुखायला लागल्या. घाम फुटला. हात आपोआप लाल फितीकडं गेला आणि त्यांनी ती ओढली.

मुखवटा गळून पडला. काय गोड लागली ती हवा! आणि त्याच वेळी खाली शेठ बसला होता, जीभ लोंबवून, अप्पांकडं बघत. रोज देवळापाशी पोचल्यावर तो असाच बसायचा, तोंड पसरून. अप्पा बाकीच्यांना सांगायचे, "बघा, चिरंजीव कसे हसतात!"

"थांबायचं का अप्पा?" डॉक्टरांनी विचारलं. "झोपेचा भाग राहिलाय. तो झाल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही. पण सक्ती नाही."

व्याह्याला दिलेला शब्द होता. अप्पा म्हणाले, "करा पुरी."

त्यांना कॉटवर निजवलं. कालच्या दुपारची नोंद लावली. गळ्यातून खर्र खर्र आवाज यायला लागला तसं त्यांना जरा बरंच वाटलं. हवा कष्टानं का होईना, येत होती. जरा वेळानं तर लय सापडली. अप्पांनी डोळे मिटले.

आणि मग हवा बंद झाली.

कमी नाही, बंद. अप्पांनी छाती फुगवली, काही आलं नाही. अंगातलं सगळं बळ लावून ओढलं, तरी काही आलं नाही. फीत कुठं आहे ते आठवेना. कानांत रक्त वाजायला लागलं आणि एकच विचार उरला, की आपण आता मरतो. तेवढ्यात घशातून फाटका आवाज निघाला, झडप उघडली आणि हवा आत आली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तोच तो. पाहुणे ज्याची वाट बघायचे तोच.

अप्पा उठून बसले. डॉक्टर पडद्याकडं बघत होत्या. "हे विचित्र आहे. इतका वेळ लय नीट होती. इथं एकदम वाट बुजली. काय झालं होतं कालच्या दुपारी? आठवतंय?"

आठवत कसं नसेल? काल दुपारी मेहुणे आले होते अक्कलकोटहून. चहाच्या आधी तिजोरी झाली होती.

"काय की," अप्पा म्हणाले. "मी दुकानात होतो."

"झोपताना तोंडात काही धरतो का तो? खेळणं, चेंडू?"

"चेंडू धरतो."

"मग तो पडला असेल." डॉक्टर वळल्या. "अशी कुत्री स्वतःच ही युक्ती शिकतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात, झोप लागली की ते सैल पडतात. मग जबडा उघडा राहावा म्हणून तोंडात काहीतरी धरून झोपायचं. तोंडानं तरी हवा येते. हुशार असतात हो बिचारी. फक्त तो चेंडू त्याच्या तोंडात राहील एवढं बघा."

अप्पांनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नव्हतं, म्हणजे सुटलो, असं त्यांच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची त्यांना जास्त लाज वाटली. आठ वर्षं! किती पाहुणे आले असतील, किती सण झाले असतील. गल्लीतल्या पोरांच्या वाढदिवसाला तर एकामागून एक तीनतीनदा. आणि तो दर वेळी मरता मरता उठायचा, चेंडू शोधायचा, आणि चेंडू ज्यानं काढून घेतला त्याच्याच पायाशी येऊन पुन्हा झोपायचा.

परवान्याच्या अर्जावर त्यांनी सही केली नाही. ऑपरेशनची तारीख तेवढी घेतली.

घरी सांगायला मात्र तोंड उघडेना. "काय झालं हो?" महानंदाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, जरा गरम झालं." शांभवी दारात उभी होती, तिच्याकडं त्यांनी बघितलंच नाही. पोरीनं साध्या शब्दांत सांगितलं होतं, आणि आपण तिला उडवून लावलं. आता तिच्यापुढं कुठल्या तोंडानं कबूल करायचं? बापाला लाज वाटली की तो आधी चिडतो. अप्पा दिवसभर नोकरांवर, भाजीवर, उन्हावर चिडत राहिले. लातूरला फोन केला आणि आवाजात उसना जोर आणून म्हणाले, "अण्णा, परवाना अडकलाय बघा. सरकारी मशीन, बिघडलंय. पिल्लाचं काही जमायचं नाही."

"असं होय! होऊ द्या की, मशीनच ते," शांतवीरअण्णा म्हणाले.

ऑपरेशन झालं. नाकपुड्या रुंद केल्या, लोंबता टाळू कापला. शेठ गुंगीतून बाहेर आला तेव्हा अप्पा पिंजऱ्यापाशी बसले होते. त्यांना वाटत होतं, आता तरी हा तोंड फिरवेल. शेठनं डोळे उघडले, अप्पांना बघितलं आणि पडल्या पडल्या शेपटीचं वेटोळं हलवायला लागला. अप्पांना तिथं बसवेना. ते उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं.

हळूहळू शेठ सुधारला. देवळापर्यंत जाऊन पुढंही चालायला लागला. डॉक्टर म्हणाल्या, "पूर्ण नीट नाही होणार, वय झालंय. आधी केलं असतं तर..." आणि थांबल्या. घरात दुपारी आता शांतता असायची. कुणी पाहुण्यानं तिजोरीची फर्माईश केली की अप्पा म्हणायचे, "झोपू द्या त्याला," आणि लगेच लग्नाचं काहीतरी काढून बोलणं वळवायचे. चित्रफिती पुसून टाकाव्यात म्हणून त्यांनी दुकानातल्या पोराला बसवलं, पण त्या आता त्यांच्या राहिल्याच नव्हत्या. एके दिवशी चहाच्या गाडीवरच्या पडद्यावर त्यांनी स्वतःलाच बघितलं. चवड्यांवर चालत, ओठांवर बोट ठेवून. गाडीभोवतीची माणसं खदाखदा हसत होती. एकानं ओळखून हाक मारली, "काय सावकार, शेठ काय म्हणतोय?" अप्पा चहा तसाच ठेवून निघाले.

लग्न पंधरवड्यावर आलं आणि बस्ता बांधायला लातूरकर सोलापुरात आले. साड्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर दोन्ही घरची मंडळी बसली. शालू उलगडले जात होते, इरकली मांडली जात होती, विहीणबाई काठ चाचपत होत्या. तेवढ्यात शांतवीरअण्णांनी मागून एक झाकलेली टोपली पुढं ओढली.

"तुमचं मशीन बिघडलं म्हणून आम्ही काय गप्प बसणार होय?" ते म्हणाले. "राज्याच्या सीमेपलीकडून मागवलं. तिकडं मुखवटा नाही, परवाना नाही. सूनबाईला आमच्याकडून!"

टोपलीत मूठभर पिल्लू होतं. शेठपेक्षाही चपटं, चेहऱ्यावर नाकाच्या जागी नुसती घडी. अण्णांनी ते उचलून अप्पांच्या मांडीवर ठेवलं. प्रवासानं दमलेलं पिल्लू तिथंच झोपलं आणि बारीक आवाजात घोरायला लागलं. दुकानातले नोकरसुद्धा शालू हातात धरून हसायला लागले. सगळे अप्पांकडं बघत होते. आता हे काहीतरी फर्मास बोलणार, म्हणून.

अप्पांच्या मांडीला त्या पिल्लाची छाती जाणवत होती. एवढासा पिंजरा, आणि केवढा जोर लावत होता. मी खोटं बोललो म्हणून हे इथं आलं, त्यांच्या मनात आलं. मशीन बिघडलंय म्हणालो नसतो तर हे कुणी मागवलंच नसतं. आता हे पोरीच्या संसारात जाणार, आणि तिथं रोज हसणं चालणार.

"बघा, आणखी गंमत दाखवतो," अण्णा म्हणाले, आणि पिल्लाच्या नाकावर अंगठा दाबायला त्यांनी हात पुढं केला.

अप्पांनी तो हात मनगटात धरला. मुलीच्या बापानं, भर दुकानात, व्याह्याचा हात धरला. हसणं थांबलं. महानंदाबाईंच्या हातातला शालू खाली घसरला.

"अण्णा, मशीन बिघडलं नव्हतं," अप्पा म्हणाले. "मी खोटं बोललो. मुखवटा घातला होता मी. साखरपुड्याला तुम्ही जे बघून हसलात ना, शेठ धडपडून उठला तेव्हा, ते त्याला मरण दिसत होतं. श्वास यावा म्हणून तो चेंडू धरून झोपायचा. मी काढून घ्यायचो. पाहुण्यांसाठी. याचंही तेच होणार आहे. याला डॉक्टरकडं न्यायचं आहे, आणि याची जोड पुढं कधी लावायची नाही. तुम्हाला राग आला असेल तर माझ्यावर काढा, पोरीवर नको."

शांतवीरअण्णांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. रागानं नव्हे, ते स्वतःही साखरपुड्याला लोडावर कलंडून हसले होते, ते त्यांना आठवत असावं. मग हलक्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण सावकार, आम्ही एक दिवसाचे पाहुणे. तो तर तुमच्या घरचा. तुमच्या लक्षात कसं आलं नाही ओ इतकी वर्षं?"

माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. दुकानातल्या सगळ्यांनी ते मानलंही असतं. पण समोर शांभवी बसली होती, आणि तिनं सांगितलं होतं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं. तो आवाज तर आठ वर्षं रोज कानांवर पडत होता.

"लक्षात येत होतं," सिद्रामअप्पा म्हणाले. "मजा यायची ओ."